राष्ट्राध्यक्षांचा माणूस

बरबँकच्या स्टुडिओतून रसेल हॅव्हर्टीची गाडी बाहेर पडली, तोच ओपल नावाच्या एक अनोळखी बाई गाडीसमोर आडव्या उभ्या राहिल्या. टीव्ही मालिकेत रसेल राष्ट्राध्यक्षांचा उजवा हात होता. गेल्याच भागात त्यानं एका कैद्याचा मृत्युदंड ऐनवेळी रद्द करवून घेतला होता.

"बाई, मी नुसता नट आहे हो!" त्यानं काच खाली करत हात जोडले.

"ठाऊक आहे मला. खुळी नाहीये मी. खऱ्यांची सगळी दारं ठोठावून झाली. उद्या माझ्या क्लेटनला विषाची सुई देणारेत. आता त्याचा फोन येईल. राष्ट्राध्यक्ष विचार करताहेत, एवढंच सांगा त्याला. आजची रात्र तरी झोपेल माझं लेकरू. टीव्ही बघत नाही तो, त्याला कळायचं नाही."

रसेल नाही म्हणणार, इतक्यात त्यांच्या हातातला फोन वाजला. त्यांनी तो तसाच त्याच्या कानाला लावला. आधी हा फोन तुरुंगातून आहे अशी सूचना वाजली, मग एक थकलेला आवाज आला, "आई?"

रसेलनं मालिकेतला तो भारदस्त आवाज काढला. "क्लेटन, राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयातून बोलतोय. तुझा अर्ज त्यांच्यासमोर आहे. धीर सोडू नकोस."

समोर ओपलबाई तोंडात मूठ कोंबून रडत होत्या. पलीकडून क्लेटन हळू आवाजात म्हणाला,

 

"हॅव्हर्टीसाहेब, दर बुधवारी बघतो आम्ही तुम्हाला. पण मी ओळखलं हे आईला सांगू नका. आजची रात्र तरी झोपेल ती."