गुडघ्यांचं औषध

"तू खालीच थांब," म्हणत सेल्सो लाकडी जिना चढू लागला.

ओलिवा खालीच थांबली. अंगणातलं धान्याचं कोठार चार दगडी खांबांवर उभं होतं. आत मक्याच्या कणसांच्या माळा होत्या आणि त्यांच्या आड गांजाच्या फांद्या उलट्या टांगलेल्या होत्या. फळ्यांच्या फटींतून वारा येत होता, ऊन मात्र येत नव्हतं. उत्तर स्पेनमधल्या अस्तुरियासच्या दमट हवेत यापेक्षा कोरडी जागा सापडली नसती.

"गुडघे दुखतात म्हणून गांजा लावलात," ती खालून म्हणाली, "आणि जिना तुम्हीच चढताय."

"चढताना नाही दुखत. बसलो की दुखतात."

"भलतेच सोयीचे गुडघे आहेत, बाबा."

"सांगितलेलं ऐकतात बिचारे. या घरात दुसरं कोण ऐकतं?"

तो एक डहाळी घेऊन उतरला. ओलिवाने ती कानाशी धरून वाकवली. डहाळी मुकाट्याने वाकली.

"अजून नाही," सेल्सो म्हणाला. "वाळली की कडकन बोलेल."

ओलिवा खालच्या पायरीवर टेकली. हल्ली कुठेही गेली तरी ती आधी बसायची जागा शोधायची. डोक्याला रुमाल घट्ट बांधलेला होता. चुलीच्या धुराचा वास केसांत बसला की जात नाही, असं तिने आल्या दिवशीच सांगून टाकलं होतं. शाळेतून तिने लांबलचक रजा घेतली होती. तुमचं वय झालं, घरात कुणीतरी हवं, असंही सांगितलं होतं. गाव तिचं कौतुक करत होतं. दर दुसऱ्या आठवड्याला ती शाळेच्या कामासाठी म्हणून ओविएदो शहरात जायची, आणि परत आली की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झोपायची. म्हाताऱ्याची सेवा काही सोपी नसते, असं शेजारची एतेल्विना चर्चबाहेर सगळ्यांना सांगायची.

"चुलीवर धरला तर एका दुपारी वाळेल," ओलिवा म्हणाली.

"वाळेल की. मग जळक्या गवतासारखा वास येईल आणि घसा खरवडून काढेल."

"घसा तुमचा, हौस तुमची."

सेल्सोने डहाळी खिशात घातली. "हो," तो म्हणाला. "माझाच."

मग तो तिच्याशेजारी बसला आणि तिने न विचारताच सांगू लागला. फुलं बरणीत पाऊणच भरायची, दाबायची नाहीत. रोज झाकण उघडून वास घ्यायचा. कुबट वाटलं तर सगळं बाहेर काढून पसरायचं. बरणी काळोखात ठेवायची.

"हे मला कशाला सांगताय? तुम्ही आहात ना."

"मास्तरीणबाई, कधीतरी विद्यार्थी होऊन बघा."

रात्री त्याने पांढऱ्या पावट्यांचं कालवण केलं. ओलिवाने दोन चमचे खाल्ले आणि बशी सरकवली. त्याने ती बशी कुत्र्यापुढे ठेवली.

"जा, पड जा," तो म्हणाला.

ती दारात घुटमळली. तिला काहीतरी बोलायचं होतं. उद्या बोलू, असं ती ईस्टरपासून म्हणत होती.

"काय गं?"

"काही नाही. दिवा विझवा आठवणीने."

सकाळी तो स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसलेला सापडला. एका पायात बूट होता, दुसरा हातात. हृदय थांबलं, डॉक्टर म्हणाले. त्रास झाला नसावा.

दफन झालं, माणसं आपापल्या घरी गेली. एतेल्विना रस्सा घेऊन आली, तेव्हा ओलिवा कोठाराच्या जिन्यावर अर्ध्यातच बसलेली होती.

"इथे काय करतेस?"

"वर जायचं होतं. दम लागला."

"दमणारच. बापाच्या पाठी सहा महिने राबलीस."

 ओलिवा उठली आणि कठड्याला धरून वर गेली. पाठोपाठ एतेल्विनाही कण्हत चढली. आत गोडसर, उग्र वास कोंदला होता. ओलिवाने एक डहाळी वाकवली.

ती कडकन तुटली.

"वा! काय सुरेख वाळवलाय!" एतेल्विना म्हणाली. "कुणासाठी गं एवढा?"

"गुडघ्यांसाठी. त्यांच्या."

"सेल्सोच्या?" एतेल्विना हसलीच. "अगं, गुडघे माझे गेलेत, त्याचे नव्हेत. तो बकरीसारखा चढायचा. आणि गुडघ्यांना चोळायला काय वाळवावं लागतं? मी हिरवागार पाला बाटलीत कोंबते, वर दारू ओतते, झालं. असा सावलीत, जीव लावून वाळवतात तो ओढायला. घसा सोलवटू नये म्हणून."

"ते ओढत नव्हते."

"तेच तर मी म्हणतेय." एतेल्विनाने एक फूल हुंगलं आणि जागच्या जागी ठेवलं. "आता आठवलं. बिया माझ्याकडूनच नेल्या त्याने. विचारत होता, कॅन्सरच्या औषधांनी माझ्या बहिणीचं अन्नावरचं मन उडालं होतं तेव्हा तिला काय देत होते. मी म्हटलं, का रे बाबा, तुला काय झालंय? तर म्हणाला, गुडघे."

"कधी?"

"ईस्टरनंतर. तू आलीस ना, त्याच आठवड्यात."

रस्सा गरम आहे तोवर घे, असं बजावून एतेल्विना खाली उतरली. फाटक वाजलं.

ओलिवा मक्याच्या माळांखाली उलट्या ठेवलेल्या टोपलीवर बसली. मानेमागे हात नेऊन तिने रुमालाची गाठ सोडली. फटींतून आलेला वारा तिच्या उघड्या, गुळगुळीत डोक्याला लागला.

"बाबा," ती मोठ्याने म्हणाली, "आजारी मी आहे."