नाव घे

“सांग बाई, त्यांचं नाव सांग,” नर्सबाई पुन्हा म्हणाल्या.

समोरच्या तरुण बाईनं मान खाली घातली. मांडीवरचं तान्हं तिनं उराशी आवळलं.

सकाळी धुलाईच्या कारखान्यावर धाड पडली होती. परदेशातून कामाला आलेली माणसं, हातात ओल्या चादरी असतानाच, धरून नेली. तेव्हापासून वाचनालयामागच्या खोलीत वस्तीतल्या बायका फोन लावत बसल्या होत्या. कुणी सांगितलं नव्हतं, कुणाला पगार नव्हता. नर्सबाई रुग्णालयातली पाळी संपवून परस्पर इथं आल्या होत्या. देवापुढं हात जोडायचेही राहून गेले होते.

फोनवर वकीलबाई होत्या. संध्याकाळी पकडलेल्यांना सीमेपलीकडं सोडणारी गाडी निघणार होती. ज्याचं नाव त्याआधी हाती येईल, त्याला त्या उतरवून घेऊ शकत होत्या.

“पण पकडलेल्यांच्या यादीत नोंदलंय तेच नाव हवं,” त्या बजावत होत्या. “नाव चुकलं तर माणूस सापडत नाही. खोटं निघालं तर माझंही काही चालत नाही.”

बाकीच्यांची नावं देऊन झाली होती. हिच्याच नवऱ्याचं राहिलं होतं.

शेजारणीला विचारलं, तर ती म्हणाली, “आम्ही त्याला पहिलवान म्हणतो. फुंकर मारली तर उडेल, म्हणून!”

चहा गाळणाऱ्या आजी खुदकन हसल्या. “अगं, मीही आमच्या ह्यांचं नाव जन्मात घेतलं नाही. नवऱ्याचं आयुष्य कमी होतं म्हणायचे ना! पण आज न घेतल्यानंच कमी व्हायचं. लाजू नकोस. उखाण्यात घे हवं तर, आम्ही कानांवर हात ठेवतो.”

सकाळपासून पहिल्यांदाच खोलीत हसू फुटलं. बाई हसली नाही.

नर्सबाईंना तिचा राग आला नाही. कुणाचा नेम आपल्यापायी मोडू नये, असं त्यांना मनापासून वाटे. त्या तिच्याजवळ खाली बसल्या, कागद-पेन तिच्या हाती दिलं. “तोंडानं नको घेऊस, बाळ. लिहून दे. लिहिण्यात दोष नाही.”

बाईनं पेन कागदावर टेकवलं. ते पुढं सरकेना. टोकाखाली शाईचा ठिपका तेवढा पसरत गेला.

“मिळालं का हो?” वकीलबाईंचा आवाज चढला. “इकडं गाडीत बसवायला लागलेत!”

आजींचा धीर सुटला. “नवरा हवाय की रीत हवीय, गं? काय ते एक ठरव!”

बाईनं हात लांबवून फोनवर तळवा दाबून धरला. डोळे कोरडे होते.

“रीतबीत मी पाळत नाही, आजी. घरी त्यांना नावानंच हाक मारते,” ती म्हणाली. मग नर्सबाईंकडं वळून अगदी हळू तिनं विचारलं, “पण ताई, कुठलं लिहू? आईबापांनी ठेवलेलं, की ज्याच्या कागदांवर ते इथं कामाला लागले, त्या माणसाचं?”