लिंबाखालचा माणूस

“माय, समोर लिंबाखाली कुणी उभंय का?”

तुळजाबाईनं उसाची कांडी हातात तशीच धरून रस्त्यापलीकडं पाहिलं. शहागडच्या पुलावरून उतरलेले दोन ट्रक धूळ उडवत गेले. मग रस्ता मोकळा झाला. ती बराच वेळ पाहत राहिली.

“न्हाई रे,” ती म्हणाली. “कुणी न्हाई.”

भारतनं पुन्हा पाहिलं. माणूस तिथंच होता. मळका सदरा, पायात फाटकी चप्पल, आणि नजर थेट भारतवर.

म्हणजे ते पुन्हा सुरू झालं होतं.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या रसवंतीच्या चरकाला घुंगरं होती. चरक फिरायला लागला की ती घुंगरं भारतशी बोलायची. आधी नुसतं नाव घ्यायची, मग शिव्या द्यायला लागली. एका दुपारी ती म्हणाली, घाल हात. त्यानं घातला. तुळजाबाईनं धावत येऊन मशीन बंद केलं म्हणून नुसती करंगळी गेली.

जालन्याच्या डॉक्टरीणबाईंनी तेव्हा दोघांना समोर बसवून समजावलं होतं. हा आजार आहे, बाहेरचं काही नाही, गोळ्या मात्र चुकवायच्या नाहीत. आणि भारतला वेगळं सांगितलं होतं, “शंका आली की ज्याच्यावर पुरा भरवसा आहे, त्याला विचारायचं. त्याला दिसलं तर खरं. नाही दिसलं तर सोडून द्यायचं.”

भारतच्या भरवशाचं माणूस एकच. बाप बद्रीनाथ ट्रकवर ड्रायव्हर होता. भारत रांगत होता तेव्हाच आंध्रात कुठंतरी अपघातात गेला. भावकीनं पाठ फिरवली आणि तुळजाबाईनं रस्त्याकडंला पत्र्याचं शेड टाकून एकटीनं पोर वाढवलं. ती जे सांगेल ते भारतला खरं होतं.

लिंबाखालचा माणूस दुसऱ्या दिवशीही आला. त्यानंतरही येत राहिला.

“कसा दिसतो तो?” तुळजाबाईनं एकदा विचारलं.

“माझ्यावानी,” भारत म्हणाला. “म्या म्हातारा झाल्यावर दिसंल, तसा. खांदा बी माझ्यावानीच एका अंगाला उतरता.”

तुळजाबाईच्या हातातला ग्लास सटकला. रस पायावर सांडला तरी तिचं लक्ष नव्हतं.

“सकाळची गोळी घेतल्ती का?”

“घेतली की.”

“मंग दुसऱ्या कुणापाशी बोलू नको. लोक येडा म्हणत्यात, गिऱ्हाईक तुटतं. इचारायचं ते मला इचार.”

भारतनं मान डोलावली. त्या दिवसापासून तो चरकाजवळ जाईना. चालत्या मशीनचा आवाज आला की दोन्ही हात काखेत दाबून उभा राहायचा. घुंगरं तर तुळजाबाईनं कधीच गोदावरीत टाकली होती, तरी त्याचे कान त्या आवाजाची वाट बघत असायचे. एकदा त्यानं स्वतःच ऊस तोडायचा कोयता आईपुढं धरला.

“हे कुठंतरी लपवून ठीव. मला सांगू नको कुठं ठिवला.”

तुळजाबाईनं कोयता घेतला आणि पदर तोंडात दाबून आत गेली.

पुढच्या आठवड्यात दोघं बसनं जालन्याला गेली. डॉक्टरीणबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“तो काही बोलतो का? काही करायला सांगतो?”

“न्हाई. नुसता बघून राह्यलाय. पण आता पार दुभाजकापर्यंत आल्ता, मॅडम. जवळ येऊन राह्यलाय.”

बाई तुळजाबाईकडं वळल्या. “तुम्हाला तिथं कधी कोणी दिसलं?”

“न्हाई जी,” तुळजाबाई फरशीकडं बघत म्हणाली.

बाईंनी सुस्कारा सोडला. “घाबरू नकोस, भारत. मेंदू कधीकधी आपलाच चेहरा उसना घेतो. गोळी वाढवू या.”

वाढलेल्या गोळीनं जबडा जड झाला. जीभ वळेना, तोंडातून लाळ गळायची, चमचा धरला तरी हात थरथरायचा. सकाळपासूनच डोळ्यांवर झापड असायची. भारत मुकाट्यानं सोसत होता. चरकात हात घालण्यापेक्षा हे बरं, असं तो मनाशी म्हणायचा.

एका भर दुपारी, रस्त्यावर चिटपाखरू नसताना, तो पाणी प्यायला शेडच्या मागच्या बाजूनं पुढं आला आणि जागीच थिजला.

माणूस बाकड्यावर बसला होता. हातभर अंतरावर. त्याच्या मानेवरून ओघळणारा घाम दिसत होता. डोळ्यांत पाणी होतं. त्यानं हळूच हात उचलला, भारतच्या डोक्याच्या दिशेनं.

भारतनं शेडचा खांब धरला.

“माय... बाकड्यावर... कुणी हाय का?”

तुळजाबाई चरकापासून उठून आली. पदरानं हात पुसत तिनं बाकड्याकडं पाहिलं, अगदी नीट पाहिलं. मग भारतचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

“न्हाई रे बाळा. बाकडं रिकामं हाय.”

माणसाचा हात खाली आला.

भारत लहान लेकरासारखा रडायला लागला. तुळजाबाईनं त्याला आत नेलं, खाटेवर निजवलं, कपाळावर ओलं फडकं ठेवलं. “म्या हाय ना. भिऊ नको,” ती थोपटत राहिली. हळूहळू त्याची मूठ सैल झाली. श्वास संथ झाला.

तिनं वाकून त्याच्या चेहऱ्याकडं पाहिलं. झोप लागली होती. गोणपाटाचा पडदा ओढून ती बाहेर आली, ग्लास भरला आणि बाकड्यावर ठेवला.

“रस प्या अन् निघा जल्दी,” ती दबक्या आवाजात म्हणाली. “पोरगं बाप मेला म्हणूनच मोठं झालंय. आता जित्ते होऊ नका.”