ग्राफीनवरची लाट

“सर, लाट परत अर्ध्यातच विझली?” माझ्या गाइड मॅडमनी संगणकाच्या पडद्याकडे पाहत विचारलं.

मी मान हलवली. काचेवर पसरलेल्या ग्राफीनच्या, म्हणजे कार्बनच्या एका अणूइतक्या पातळ पट्टीवरून प्रकाशाची लाट दुसऱ्या टोकाला पोचते का, हे मी वर्षभर सिम्युलेशन करून पाहत होतो. शोधनिबंध आज पाच वाजेपर्यंत पाठवायचा होता. “माझंच चुकत असणार, मॅडम. अडुसष्टाव्या वर्षी पीएचडीचं हे खूळ...”

“बारावीत तुम्हीच मला शिकवलंत आणि मलाच मॅडम म्हणता! सरका जरा.”

त्यांनी माझे आकडे वर-खाली करून पाहिले आणि त्या हसायलाच लागल्या. “पट्टीत विरणारी ऊर्जा तुम्ही पट्टीत धरलीत, ते बरोबर. पण खालच्या काचेत परत तीच का धरलीत?”

“म्हटलं, तोटा जास्त धरलेला बरा,” मी पुटपुटलो. “नाहीतर उगाच चांगलं उत्तर यायचं.”

त्यांनी ती एक ओळ काढून टाकली. दहा मिनिटांत लाट सरळ टोकापर्यंत गेली. मी नवे आकडे निबंधात भरले.

“अजून एकदा तपासू या?”

“तीनदा तपासलं. साडेचार वाजलेत, सर. मी फळ्यापाशी यायला घाबरायचे, तेव्हा काय म्हणायचात?”

“चुकलं तर पुसता येतं.” मी माउसवर बोट ठेवलं. “पण हे पाठवलं की पुसता येत नाही हो.”

“ठाऊक आहे,” त्या म्हणाल्या आणि वर्गात मी उभा राहायचो तशाच, हात मागे बांधून वाट पाहत राहिल्या.

मी बटण दाबलं.