हजेरीचं मशीन

आमच्या ऑफिसच्या दारात चेहरा बघून हजेरी लावणारं मशीन आहे. बाकीच्यांना ते लांबूनच ओळखतं. माझा काळा चेहरा मात्र त्याला दिसतच नाही. मग वॉचमनकाका रोज माझ्या तोंडावर मोबाइलचा टॉर्च मारतात आणि मागून साहेब ओरडतात, "अरे, दात दाखव! दात तरी दिसतील त्याला!" अख्खी रांग खो खो हसते.

दोन वर्षं गिळलं. शेवटी लेखी तक्रार दिली.

म्हणून रंगभेदाविरुद्ध दिवसभराचं ट्रेनिंग झालं. एचआरच्या मॅडमनी स्वतः घेतलं. साहेब पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते, "आपल्याकडे असलं काही नाही म्हणा," असं सांगत बिस्किटं हादडत होते. मीही संध्याकाळपर्यंत बसलो.

दुसऱ्या दिवशी माझ्या हातात मेमो. ट्रेनिंगला गैरहजर, तीन दिवसांत खुलासा द्या. खाली साहेबांची सही. ट्रेनिंगची हजेरीही त्याच मशीनवर, आणि वॉचमनकाका नेमके ट्रेनिंगच्या दिवशी रजेवर होते, टॉर्च मारणार कोण!

तणतणत मॅडमकडे गेलो. "तुमच्या नाकासमोर तर बसलो होतो! तुमच्या मशीनला काळा माणूस दिसत नाही, त्याचं काय?"

मॅडमनी दार लावलं, मला पाणी दिलं आणि ट्रेनिंगमधल्याच त्या हळुवार आवाजात म्हणाल्या,



"मशीनला कसला आलाय भेदभाव? पुढच्या वेळी जरा दात दाखवा ना."