एकाचे दोन

अभयनं बॅट आडवी फिरवली, चेंडू खुळखुळत मिडविकेटकडं गेला आणि त्याच्या वतीनं पळणारा गडी पलीकडं पोचला. एक रन. प्रेक्षकांत बसलेल्या त्याच्या बापानं, कचरूनं, तो बोटावर धरला. पण फळ्यावर मात्र एकशे एकतीसचे एकदम एकशे तेहतीस झाले.

कचरू शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीत बावीस वर्षं पॅकिंगला होता. नग मोजून खोक्यात भरायचे, एक कमी नाही, एक जास्त नाही. चुकलेला आकडा त्याला खपत नसे, मग तो पोटच्या पोराच्या फायद्याचा का असेना. तो उठला.

उठला खरा, पण ओरडायची सोय नव्हती. अंधांचा सामना. चेंडूतले छर्रे वाजतात त्या आवाजावर सगळा खेळ, म्हणून मैदानाभोवती जागोजागी ‘शांतता राखा’चे फलक. नेपाळचा संघ भारताच्या दौऱ्यावर आला होता आणि तिसरा सामना इथं, हर्सूलच्या बाजूच्या मैदानावर ठेवला होता. अभय भारताकडून खेळणार म्हणून गावातून दोन टेम्पो भरून माणसं आली, ती हलगी घेऊन. हलगी गेटवरच काढून घेतली. टाळी कधी वाजवायची आणि कधी नाही, याच्याच गोंधळात बिचारी सकाळपासून बसलेली. चौकार गेला तरी आधी एकमेकांच्या तोंडाकडं बघायची.

गुणलेखकाच्या टेबलाशी संघपाल नावाचे एक मास्तर बसले होते. कचरू त्यांच्या कानाशी वाकला. हळू आवाजात भांडायची त्याला सवय नव्हती, त्यामुळं शब्द फुसफुसत बाहेर पडले.

“सर, एक रन जास्तीचा लिवला. खोडा.”

मास्तरांनी समजावलं. संघात थोडंफार दिसणारी पोरंही असतात. ज्याला अजिबात दिसत नाही, त्याच्या एका रनाचे दोन धरतात. नेपाळवाल्यांचेही तसेच धरले. नियमच आहे तो.

“एसटीतलं शीटबी नियमानंच भेटतं त्याला,” कचरू म्हणाला. “म्हून काय ते त्यानं कमावलं?”

तेवढ्यात पुढचा चेंडू पडला आणि मास्तर वहीत बघू लागले. कचरू जागेवर आला. बायको, कडूबाई, डोळ्यांनीच विचारत होती, काय झालं म्हणून. त्यानं मान हलवली. आता त्याला वेगळीच भीती वाटायला लागली होती. अभयच्या पाठीवर इंडिया लिहिलेला निळा शर्ट होता. तो शर्ट महिनाभर गल्लीत ज्याला त्याला दाखवला होता. तोही असाच मिळाला असेल तर? बिचाऱ्याला दिसत नाही, द्या एक, असं कुणी म्हणालं असेल तर?

दोन चेंडू राहिले. जिंकायला चार रन पाहिजे होते. फिरून पुन्हा अभयच समोर होता.

नेपाळच्या बॉलरनं विचारलं, “रेडी?” अभय म्हणाला, “येस.” “प्ले,” म्हणत बॉलरनं जमिनीलगत चेंडू सोडला. चेंडू खुळखुळत आला. अभय गुडघ्यावर बसला, बॅट फिरली, आणि मागं लोखंडी स्टंपांचा खणकन आवाज झाला. पंचाचं बोट वर गेलं.

लोकांना उमगायच्या आत मंचावरचा माईक बोलू लागला. प्रमुख पाहुणे साहेबराव उठून उभे राहिले होते. खांद्यावर सकाळी सत्काराला घातलेली शाल तशीच.

“पंच साहेब, एक विनंती हाय. लेकरू आमच्या गावचं हाय. त्याला दिसत नाय. एवढा एक चेंडू परत टाकू द्या. नेपाळचे पाहुणेबी मोठ्या मनाचे हायेत.”

यावर टाळी वाजवायची हे मात्र लोकांना बरोबर कळलं. सगळं मैदान कडाडलं. नेपाळच्या पोरांना मराठी येत नव्हतं, ती आपली आवाजाच्या दिशेनं मान वळवून उभी. त्यांचा कर्णधार पंचाजवळ गेला, काय चाललंय म्हणून विचारायला. अभय खेळपट्टीवरच थांबलेला होता.

नको, कचरू मनात म्हणत होता, नको टाकू परत. सामना गेला तर जाऊ दे. जन्मात पहिल्यांदा तो पोराच्या हरण्यासाठी हात जोडून बसला होता.

पंचानं मंचाकडं बघितलंसुद्धा नाही. बोट पुन्हा वर केलं, चांगलं सगळ्यांना दिसेल असं, आणि तोंडानं मोठ्यानं “आऊट” म्हटलं. अभयनं मान डोलावली. बॅट काखेत मारली आणि पळणाऱ्या गड्याच्या खांद्यावर हात ठेवून निघाला.

मैदान गप्प झालं. साहेबराव शाल सावरत खाली बसले. आणि त्या शांततेत एकच माणूस उभा राहून टाळ्या वाजवायला लागला. आसपासची माणसं वळून बघायला लागली. कुणी म्हणालं, ह्याला खेळातलं काही कळत नसेल. कुणी म्हणालं, बाप हाय तो त्याचा. तेव्हा तर त्यांना काहीच कळेना.

कडूबाईनं त्याचा सदरा ओढला. “बसा खाली. लोक बघायलेत. आपलाच अभय गेला ना?”

“व्हय, आपलाच,” कचरू म्हणाला. गालावर पाणी आलेलं, ते पुसायचंही भान त्याला नव्हतं. “कुणी थांबलं नाय त्याच्यासाठी. सगळ्यायसारखा आऊट दिला त्याला.”