उघड्या पाठीचा हेडफोन

मुलीने स्वतः शोधलेला मुलगा बाबांना पसंत नव्हता, त्यामुळे बापलेकीचं बोलणं चार महिने बंद होतं. तिने विषय काढायचा अवकाश, की बाबा हॉलमधल्या मोठ्या स्पीकरचा आवाज वाढवायचे. शेवटी आई कडाडली, "एक तर हे खोके या घरात राहतील, नाहीतर मी!"

स्पीकर काही ते काढणार नव्हते. पण घर तापलेलं असताना दुसरी सोय हवी, म्हणून ते दुकानात गेले आणि त्यांनी दोन तास एकेक हेडफोन कानाला लावून पाहिला.

"सर, हा सगळ्यात महागडा," दुकानदार म्हणाला. "मागून उघडा, नुसती जाळी. गाणं स्पीकरसारखं खोलीभर पसरल्यासारखं वाटतं. फक्त बाहेरचं बोलणंही कानावर पडतं."

"पडू दे. घरी माझ्याशी बोलतंय कोण?"

रविवारी बाबा हेडफोन लावून, डोळे मिटून खुर्चीत बसले होते. मागे टेबलाशी मुलीने आईला विचारलं, "शुक्रवारी रजिस्टर लग्न आहे. त्यांना सांगायचं का?"

"त्या दगडाला? सह्या झाल्यावर सांगू," आई म्हणाली. "आत्ता बघ, कानात बोळे घालून बसलेत. शेजारी ढोल बडवला तरी कळायचं नाही."

"बरंच आहे. तोंड वाकडं करून उभे राहण्यापेक्षा न आलेलेच बरे."

 

बाबांनी डोळे न उघडताच विचारलं, "किती वाजता यायचं?"